खोडकिडा

डॉक्टर चौबळांवर काहीतरी लिहा, असं मला आजवर चौघांनी सांगितलं. चौघांपैकी एकालाही चौबळांशी बोलायची वेळ कधी आली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

ही मंडळी शहरातून येतात. श्रावणात आमच्या पाथरशेतच्या मागच्या टेकडीवर चढतात, ऐन-किंजळांच्या सावलीत उभं राहून माना वर करतात, मग खाली येऊन माझ्या ओटीवर चहा पितात आणि म्हणतात, काय ऋषितुल्य माणूस असेल हो. मी म्हणतो, होताच. शाप देण्याच्या बाबतीत.

मला तो माणूस आवडत नव्हता. गावात कुणालाच आवडत नव्हता. त्यालाही आम्ही आवडत नव्हतो, आणि या कामात दोन्ही बाजूंनी वीस-बावीस वर्षं कुणी कुचराई केली नाही. तोंडावर आम्ही त्याला 'अहो डॉक्टर' म्हणायचो. मागं त्याचं नाव खोडकिडा. भाताच्या ताटात शिरून आतून लोंबी पांढरी पाडणारी जी अळी असते, ती. गळ्यात मोजायची फीत अडकवून तो एकेका खोडाला मिठी मारत हिंडायचा, त्यावरून पोलीसपाटील रामजींनी हे नाव ठेवलं, आणि पाटलांनी आयुष्यात केलेलं ते एकमेव काम गावानं एकमतानं मान्य केलं.

अंगानं तो बोरूसारखा. खाकी अर्धी चड्डी, आणि तिच्यातून निघालेले पाय म्हणजे शेवग्याच्या शेंगांना कुणी गुडघे बसवावेत तसे. डोक्यावर बारा महिने एकच काळी छत्री, तिच्यात काड्या जास्त आणि कापड कमी. एवढ्याशा देहाचं सगळं वजन जिभेत उतरलेलं. टेकडीवर उभा राहून तो ओरडला की कशेळ्याच्या बाजारात सुकट विकणारी बाई दचकून तराजू खाली ठेवायची. खोटं वाटेल, कारण कशेळं आमच्यापासून चांगलं कोसभर लांब. पण ती बाई माझी सख्खी मावशी होती, आणि ती कधी खोटं बोलली नाही. सुकटीच्या वजनाखेरीज.

तो आला तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं आणि आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. मुंबईतल्या कुठल्याशा संशोधनाच्या संस्थेनं त्याला पाठवलेला. संस्थेला तो डोळ्यांसमोर नको होता म्हणून आमच्याकडं पाठवला, असा माझा अंदाज आहे, आणि तो मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. दहिवलीला खोली घेऊन राहायचा. सकाळच्या एसटीनं कशेळ्याला उतरायचा आणि तिथून शेताच्या बांधांवरून तुरुतुरु चालत यायचा. वाटेत भेटणाऱ्या बैलांना वाट द्यायचा, माणसांना नाही.

टेकडीवर तेव्हा झाडं नव्हती, झाडांची थोटकं होती. त्याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडं भाताचं रोप असंच उगवत नाही. थंडीत डोंगरावरून ऐनाचा टहाळ तोडून आणायचा, वाळवायचा, रोपाच्या वाफ्यावर पसरायचा, त्यावर शेण, पाचोळा, माती टाकायची आणि शिमग्याच्या आगंमागं ते सगळं पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. भाजलेल्या वाफ्यात गवताचं बी मरतं आणि भाताचं रोप कसं तरारून येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, आणि भात नाही तर पुढचं मी सांगायला नको. आमच्या बाप-आजांनी त्या टेकडीवरून राबाचा पाला आणला होता. त्या टेकडीला चौबळानं तार मारली.

सरकारी हुकूम घेऊनच आला होता. खांब आले, तारेची भेंडोळी आली, आणि मारुतीच्या देवळासमोर गाव गोळा झालं. माझ्या बानं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "डॉक्टर, आत झाडं लावनार काय तुमी?"

"नाही."

"मंग काय करनार?"

"काही नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्हाला आत येऊ देणार नाही. जमिनीत मुळं जिवंत आहेत. वर फक्त तुम्ही नको."

एवढं बोलून तो छत्री उघडून निघून गेला. काही न करण्याचा पगार देणारी नोकरी सरकारात असते हे गावाला त्या दिवशी कळलं, आणि ती जागा भरलेली आहे याचं पुष्कळांना वाईट वाटलं.

काही न करणं हे मात्र त्यानं भयंकर मेहनतीनं केलं. उन्हाळ्यात वणवा आत शिरू नये म्हणून तारेच्या कडेनं तो स्वतः विळ्यानं गवत कापत बसायचा. थोटकांना फुटवे आले की त्यातला एक ठेवून बाकीचे काढायचा, आणि ठेवलेल्याला पत्र्याचा नंबर लावायचा. सगळ्या टेकडीला नंबर. आणि इथंच आमच्या बारशाची भानगड सुरू झाली.

गावातल्या माणसांची नावं त्यानं कधी शिकून घेतली नाहीत. तो आम्हाला आम्ही तोडलेल्या झाडाच्या नंबरानं ओळखायचा. पाटलांच्या रेड्यानं तारेतून मान घालून सतरा नंबरचा किंजळ खाल्ला, तेव्हापासून पाटील सतरा. ज्या माणसाला मामलेदारसुद्धा रामजीपाटील म्हणायचा त्याला हा भर चावडीवर "या, सतरा" म्हणायचा, आणि रेडा दिसला तरी सतराच म्हणायचा. माझ्या बानं पाचव्या थंडीत तार वाकवून आत जाऊन एका तरण्या ऐनाचा शेंडा उतरवून आणला. तो एकेचाळीस नंबर. बा मरेपर्यंत एकेचाळीस राहिला. बा गेला तेव्हा चौबळ दाराशी आला होता. चपला न काढता अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "एकेचाळीस गेला. झाड आहे." मग माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "एकेचाळीस." सातबाऱ्यावर माझं नाव चढायला दोन वर्षं गेली, पण हा वारसा त्याच दिवशी चढला.

नावानं हाक मारला जाणारा गावात एकच माणूस होता, तो टेकडीचा राखणदार धर्मा गायकवाड. बौद्धवाडीतला. दीक्षा घेतल्यावर त्यानं गावाची सगळी जुनी कामं सोडून दिली होती आणि पगाराची पहिली नोकरी ही धरली होती. धर्मानं कधी झाडाला हात लावला नाही, म्हणून त्याला नंबर नाही. पण राहायचं त्याला आमच्यातच, त्यामुळं आत कुणी शिरलेलं दिसलं की तो लांबूनच मोठ्यानं खोकायचा. चोराला निघायला वेळ मिळायचा आणि धर्माची नोकरी शाबूत राहायची. एकदा चौबळ त्याला आमच्यादेखत म्हणाला, "धर्मा, तुझा खोकला माणूस बघून येतो. गरिबाला एकदा, पाटलाला तीनदा." धर्मा म्हणाला, "थंडी हाय, डाक्टर." वैशाखातली गोष्ट.

आणि त्याच्या त्या पाट्या. चौबळ आमच्याशी बोलायचा तो मुख्यतः पत्र्याच्या पाट्यांतून. पांढऱ्या रंगानं, सुवाच्य अक्षरात, तारेवर टांगलेल्या. 'येथे गुरे चारणाऱ्याने स्वतःही चरून पाहावे.' दुसरी होती, 'तार ओलांडणारा मूर्ख आहे. तार कापणारा मूर्ख असून त्याच्याकडे पक्कड आहे.' आमच्या गावात लिहिणं-वाचणं शाळेनं आणलं असं सरकार म्हणतं. खोटं आहे. माझी आजी सत्तरीत अक्षरं शिकली ती या पाट्यांसाठी. आपल्याला नेमकं काय म्हटलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात मजा नाही, असं तिचं म्हणणं. वाचता यायला लागलं त्या दिवशी ती काठी टेकत टेकडीपर्यंत गेली, सगळ्या पाट्या वाचून आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला कोळसा मागितला, उत्तर लिहायला.

तर त्याचा एक पराभव आम्ही बघितला, तो सांगतो. बघितला म्हणजे, बघणार होतो.

एका वर्षी त्यानं जाहीर केलं, की राब भाजायची काही गरज नाही. शेणखत नीट कुजवा, वाफा नीट करा, रोप येईल. फांद्या जाळणं हा तुमचा आळस आहे, त्याला रिवाज म्हणू नका. हे त्यानं देवळासमोर, भातगिरणीवर, आणि माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगत बसलेली असताना सांगितलं. मग धर्माच्या शेतात एक कोपरा घेऊन स्वतः वाफा केला. महिनाभर तो त्यात गुडघे टेकून बसलेला असायचा. पाऊस पडला, आमच्या भाजलेल्या राबांत रोपं उठली, आणि चौबळाच्या वाफ्यात गवत असं माजलं की त्यात भात शोधायला भिंग लागलं असतं. आत एक ससा शिरला तो गणपतीपर्यंत बाहेर पडला नाही, असं धर्मा सांगतो.

गाव हसायला तयार होऊन बसलं. असा योग पुन्हा येत नसतो. पाटलांनी तर खालापूरकडचे, कुंभिवलीचे पाहुणे मुद्दाम बोलावून घेतले होते, कोंबडं कापून. जेवणं झाली आणि सगळी वरात वाफा बघायला निघाली. वाफ्याच्या कडेला पाटी उभी. 'राब न भाजता रोप येते असे मी म्हणालो होतो. आले नाही. मी चुकलो. मला गवताने हरवले, तुम्ही नव्हे. चौबळ.'

पाहुण्यांनी ती वाचली. पाटलांनी वाचली. माझ्या आजीनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. पण हसू काही येईना. तोंडाशी आलेला घास काढून घ्यावा तसं झालं. पाहुण्यांपैकी एक जण तर म्हणाला, की मानूस सरळ दिसतोय. त्यावर पाटलांनी त्या पाहुण्याला पुढच्या शिमग्याला बोलावलं नाही.

"काय मानूस हाय रं ह्यो," पाटील परतताना म्हणाले, "हसू बी देत नाय."

पुढच्या वर्षी चौबळानं वाफा भाजला, पण निम्म्या पाल्यात. वरून गवत आणि पेंढा. रोप आलं, आमच्याइतकंच आलं. त्या वेळी पाटी नव्हती. स्वतः चुकला की पाटी लावायचा. बरोबर असला की ते आम्हाला न सांगता दिसायला हवं, असा त्याचा तोरा. आम्हाला दिसलं. पण आम्हीही काही बोललो नाही. तोरा आम्हालाही होता.

मोठ्या माणसांशी तरी तो नीट वागायचा का, असं शहरातले विचारतात. एका पावसाळ्यात कुणी पुढारी झाडं लावायला आला होता. मांडव, माळा, कर्जतहून मागवलेला बँडवाला. पुढाऱ्यानं टेकडीच्या तोंडाशी निलगिरीचं रोप लावलं, टाळ्या झाल्या. पुढारी अजून रुमालाला हात पुसतोय तोवर चौबळानं ते रोप उपटून त्याच्या हातात परत दिलं. "हे पाहुणं आहे," म्हणाला. "जेवून जाईल, भांडी घासणार नाही. घेऊन जा." बँडवाल्याला कुणी थांबवलं नव्हतं, त्यामुळं हे सगळं वाजत-गाजत झालं. त्या दिवशी गावाला चौबळाचा थोडा अभिमान वाटला. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं तारेवर नवी पाटी लावली, 'पुढाऱ्यासाठी मांडव घालणाऱ्यांनी आतले बांबू परत करावेत,' आणि अभिमान गेला.

पण त्याची आणि गावाची खरी जुगलबंदी झाली ती शिमग्याला.

आमच्याकडं होळीचं लाकूड मागून आणायचं नसतं, चोरायचं असतं. आणि होळीत पडलेलं लाकूड परत मागायचं नसतं. त्या साली पोरांनी चौबळाच्या तारेतला एक उंच किंजळच आणून होळीत उभा केला. घाईत त्याच्यावरचा पत्र्याचा नंबर काढायचा राहिला. तिन्हीसांजेला चौबळ शेवटची एसटी सोडून आला. सरळ होळीपाशी गेला, चष्मा लावून नंबर वाचला आणि मागं सरून उभा राहिला. रिवाज त्याला ठाऊक होता.

होळी पेटली. मग बोंब सुरू झाली, आणि त्या वर्षी सगळ्या गावानं ठरवून एकट्या चौबळाच्या नावानं मारली. बायका, पोरं, म्हातारे. त्याचं जे जे काही होतं नव्हतं ते सगळं काढलं. चड्डी काढली, छत्री काढली, डॉक्टरकी काढली. आमची दम लागून बोंब थांबली, तेव्हा हा पुढं झाला. छत्री बगलेत मारली, पालथा हात तोंडावर ठेवला आणि सुरुवात केली. सतराच्या नावानं. एकेचाळीसच्या नावानं. प्रत्येक घराच्या नावानं एक-एक, वेगळी, अंगात बरोबर बसेल अशी शिवलेली. कुणाची गाय कुठं चरते, कोण कुणाचा बांध टोकरतो, पाटलांच्या दाराला कुठल्या झाडाची फळी आहे. ज्वाळा खाली बसल्या तरी त्याचं संपेना. शिमग्याला कुणी रागवायचं नसतं, त्यामुळं आम्ही सगळे हात बांधून ऐकत उभे. धर्माची मात्र पाळी आली नाही. धर्मा बाजूला उभा राहून बेफाम खोकत होता.

आटोपल्यावर चौबळ छत्री उघडून अंधारात चालू लागला. पाटलांनी काठीनं निखारे आत लोटले.

"मानूस वंगाळ," ते म्हणाले, "पन बोंब काय मारतो रं."

पुढच्या वर्षी गावानं त्याला नारळ पाठवून होळीचं रीतसर आमंत्रण दिलं. त्यानं नारळ ठेवून घेतला आणि निरोप धाडला, लाकूड चोरू नका, मग येतो. आता लाकूड चोरायचं नाही तर होळी कसली? तो आला नाही, आणि आम्ही त्याचाच एक ऐन जाळला.

झाडं वाढली, हे मी नाकारत नाही. तारेबाहेर थोटकं आणि तारेच्या आत माथ्याला माथा भिडलेला, हे कशेळ्याच्या रस्त्यावरून सरळ दिसायचं. सुसरीच्या पाठीसारख्या सालीचे ऐन उभे राहिले. उन्हाळ्यात खालच्या ओढ्यात पाणी टिकायला लागलं आणि त्यात पाटलांचा रेडा दिवसभर लोळायचा. पण समोरचा बरोबर आहे एवढ्यावरून कुणी त्याच्याशी गोड बोलतं काय? उलट जास्तच राग येतो. शिवाय आमची अडचण खरी होती. टेकडी बंद झाल्यावर आम्ही बाकीचा डोंगर ओरबाडला. तो संपला. बायका राबाच्या पाल्यासाठी पहाटे निघायच्या त्या दुपार टळल्यावर डोक्यावर भारे घेऊन यायच्या, आणि येताना त्या तारेच्या बाजूनंच यावं लागायचं. आत पाला लटकतोय आणि ही बाई बाहेरून मान मोडून चाललीय. तिनं चौबळाला काय म्हटलं असेल ते मी लिहिणार नाही, छापणारे छापणार नाहीत.

मग वय कधीच उलटून गेल्यावर चौबळ एकदाचा निवृत्त झाला. संस्थेनं टेकडीवरचं लक्ष काढलं, सरकारी हुकमाची मुदत संपली आणि ती कुणी वाढवून घेतली नाही. तार गंजून ठिकठिकाणी लोंबायला लागली. धर्माची नोकरीही गेली. ऐंशी सालच्या आसपास, पौषात, गावानं ठरवलं. टेकडी आता मोकळी. उद्या सकाळी घरटी माणूस, घरटी कोयता. वीस-बावीस वर्षांचा पाला एका दिवसात खाली आणायचा.

धर्मा त्या संध्याकाळी दहिवलीला जाऊन आला. तिथं त्यानं काय सांगितलं माहीत नाही. खोकला असणार.

सकाळी आम्ही चढलो तेव्हा चौबळ आधीच वर होता. एकेचाळीस नंबरच्या ऐनाखाली दगडावर बसलेला, दाट सावलीत छत्री उघडून. सत्तरी आली होती, चड्डी तीच होती. आम्हाला वाटलं आता हा आडवा पडणार. पाटलांनी त्यासाठी भाषण तयार ठेवलं होतं.

"या," चौबळ म्हणाला. "उशीर केलात."

पाटलांचं भाषण तिथंच बुडालं.

मग तो जे बोलला ते त्यानं कधी नव्हे ते हळू सांगितलं. हुकूम संपलाय, मी तुम्हाला अडवू शकत नाही. राबाला पाला तुम्हाला लागतो, हेही मला माहीत आहे. बाजूच्या फांद्या घ्या, खालच्या घ्या. शेंड्यांना हात लावू नका. शेंडे उतरवलेत तर पाच वर्षांत इथं पुन्हा थोटकं होतील, आणि तेव्हा ओरडायला मी नसेन.

"झाडं तोडाया तुमी आमाला शिकवनार?" पाटील म्हणाले. "आमचे बाप-आजे तोडत आले."

"तेच तर."

पाटलांच्या थोरल्या मुलानं, गणपानं, मुद्दाम समोरच्याच ऐनावर चढून शेंड्यावर कोयता घातला. शेंडा करकरत खाली आला. आम्ही सगळ्यांनी चौबळाकडं बघितलं. तो ओरडला नाही. खरं सांगतो, इतक्या वर्षांत प्रथमच हा माणूस काहीतरी बघून ओरडला नव्हता. टेकडीवर पक्षी बोलत होते ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले.

मग त्यानं छत्री मिटली, उठला, माझ्यापुढं येऊन हात पसरला.

"आण इकडे तो कोयता, एकेचाळीस. बापानं तुला काही शिकवलेलं दिसत नाही."

आणि सत्तरीचा तो बोरू माझा कोयता कमरेला अडकवून त्याच एकेचाळीस नंबरच्या ऐनावर चढला. ज्या झाडांजवळ त्यानं आयुष्यभर कोयता फिरकू दिला नव्हता, त्यातल्या एकाच्या फांदीला त्यानं स्वतः हात घातला. आधी खालून एक घाव, मग वरून. फांदी स्वच्छ पडली, साल सोलून गेली नाही. "असं," तो वरून म्हणाला, आणि मग त्याची जीभ परत आली. सतरा, आंधळा आहेस का, बुंध्याला लागेल. ए उंच माणसा, तुला देवानं उंची दिली ती खालच्या फांद्या सोडायला नाही. तू कोण, नंबर नाही तुला? मग आज मिळेल. एकेकाला असा सोलत होता, की खाली उभं राहून ऐकण्यापेक्षा झाडावर चढलेलं बरं म्हणून लोक चढले. आणि त्याच्या तोंडाची भीती अशी, की सगळे घाव खालून आधी, वरून मग. बाजूचा पाला पडायला लागला. शेंडे राहिले. गणपासुद्धा दुसऱ्या झाडावर शेंड्याच्या खालीच थांबला.

चौबळ आणखी वर गेला. माझ्या बानं फार वर्षांपूर्वी त्या ऐनाचा शेंडा उतरवला होता, तिथून दोन फुटवे निघून दोन माथे झाले होते. त्या दोघांच्या बेचक्यात त्यानं पाय ठेवला. बेचकं मधोमध फाटलं. एक माथा, कोयता आणि चौबळ असं सगळं एकदमच खाली आलं.

मग पाल्याच्या ढिगातून आवाज आला.

"बघितलंस, एकेचाळीस?"

आम्ही पाला उपसला. मांडी भलत्याच दिशेला वळलेली होती आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"शेंडा छाटला की दोन फुटवे येतात. दोघांच्या सांध्यात जोर नसतो. वीस वर्षं सांगतोय."

त्याला आनंदात मी बघितला तो तेवढाच.

घोंगडीची झोळी केली. तिला बांबू मिळेना, म्हणून तो फाटलेला माथाच साफ करून आडवा घातला. पुढं मी आणि गणपा, मागं धर्मा आणि आणखी एक जण. सरळ उतार, खाली गाव दिसतंय, चिलीम ओढून होईपर्यंत पोचलो असतो. पण दहा पावलं गेलो नाही तोच झोळीतून ओरडला, "खाली बघा, रेड्यांनो, रोप आहे." बघितलं तर खरंच होतं, ऐनाचं, चार पानांचं. बाजूनं गेलो. पुढं किंजळाचं. त्याच्या बाजूनं. त्या उतारावर पाऊल ठेवायला जागा नाही इतकी रोपं होती, आणि इतक्या वर्षांत तारेबाहेरून ती आम्हाला दिसली नव्हती. "एकेचाळीस, डावा पाय. तू, सतराच्या पोरा, थांब. उजवीकडे." प्रत्येक हिसक्याला त्याचे डोळे पांढरे व्हायचे आणि काळे झाले की पुन्हा शिवी. आम्हीही देत होतो. एका उतारावर इतक्या शिव्या मी जन्मात दिल्या नाहीत. पाटील शेवटी कंटाळून आमच्या पुढं झाले आणि काठीनं दाखवत चालायला लागले. "हितं हाय. हितं बी हाय. आयला ह्याच्या, हितं बी." असे नागमोडी आम्ही उतरलो. दुपार झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो, पाला लागतच होता. शेंड्याला कुणी हात लावला नाही. गणपानं विचारलं तेव्हा पाटील म्हणाले, "येईल परत त्यो. मांडी मोडलीय, जीभ नाय." तो परत आला नाही. पण दर पौषात कोयता उचलताना अजून माणसं एकदा मागं बघतात.

हे नंतरचं. जीपमधलं सांगायचं राहिलं. कशेळ्याहून माणसं कोंबून नेणारी वडापची जीप गावात आणवली होती. तिच्या मागच्या फळ्यांवर त्याला निजवायचं कसं, म्हणून आम्ही त्याच दिवशीच्या ऐनाच्या पाल्याचे भारे खाली अंथरले आणि त्याला वर ठेवला. धर्मा उशाशी बसला. मी छत्री आत टाकली. चौबळानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं अंगाखालच्या भाऱ्यातून एक पान ओढून काढलं, उन्हाकडं धरलं, बोटांनी चुरून बघितलं.

"अजून हिरवं आहे," तो म्हणाला. "रस झाडात उतरायचाय. महिनाभर घाई केलीत, गाढवांनो."

जीप हलली. धूळ उठली. धुळीतून मला दिसला तो असा, पाल्यावर उताणा, ते पान डोळ्यांपाशी धरून त्याच्याशीच काहीतरी भांडत चाललेला, आणि धर्मा त्याच्या तोंडावर ती काड्यांची छत्री धरून बसलेला.